डोंगर एवढा खोल आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

आधी मुख्य बातमी सांगून टाकतो, मग बाकीचं. भिसेगावातून पाठीवर पिशवी टाकून चालत निघायचं. संध्याकाळी डोंगरातल्या एखाद्या घराच्या ओट्यावर टेकायचं, चुलीवरची गरम भाकरी खायची, तिथंच घोंगडीवर आडवं व्हायचं आणि सकाळी चहा पिऊन पुढच्या गावाची वाट धरायची. असे मुक्कामावर मुक्काम करत थेट भीमाशंकरला पोचता येतं. तंबू लागत नाही, शिधा लागत नाही, गाडी तर नाहीच नाही. मी नुकताच हे करून आलोय आणि तेव्हापासून भेटेल त्याला थांबवून सांगतोय. घरचे कंटाळले, म्हणून आता लिहितो!

भिसेगाव म्हणजे कर्जत स्टेशनाला चिकटलेलं गाव. आमचं सगळं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर. उजाडायच्या आत मुंबईकडं, रात्री उशिरा परत. पूर्वेला डोंगर असतोच, ढाकचा सुळका दिसतो, पावसाळ्यात धबधबे दिसतात. पण डोंगर म्हणजे आमच्या लेखी एक भिंत होती, तिच्यापलीकडे लोणावळा. त्या भिंतीवर माणसं राहतात, तिथं शेतं आहेत, धरणं आहेत, गावांमागून गावं आहेत आणि ती सगळी पायवाटांनी जोडलेली आहेत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

ठिणगी पडली ती भलतीकडून. ऑफिसातला एक मित्र युरोपात 'तूर द्यू माँ ब्लाँ' करून आला. माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुमारे १७० किलोमीटरची वाट. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश पायी ओलांडायचे आणि रोज रात्री डोंगरातल्या निवाऱ्यात झोपायचं. तिथं सगळ्यांचं जेवण एका वेळी, एका लांब टेबलाशी. फोटो बघून मी खुळावलो. मग खर्च विचारला आणि शुद्धीवर आलो. तेव्हा कर्जतच्याच एका जुन्या ट्रेकरकाकांनी चहा फुंकत म्हटलं, "अरे, उधेवाडीला फोन कर की. तिथनं पुढचं ते सांगतील."

पुढचं सांगण्याआधी एक गंमत. स्विस आल्पाइन क्लब स्थापन झाला १८६३ मध्ये आणि त्याच वर्षी त्यांनी आपला पहिला डोंगरी निवारा बांधला. इकडे त्याच १८६३ च्या एप्रिलमध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायला लागली आणि घाट चढणं म्हणजे खिडकीत बसून वडापाव खाणं झालं! तिकडं माणसं चालायला शिकत होती, तेव्हा इकडं आपण बसायला शिकलो. पण डोंगरातल्या गावांनी चालणं सोडलं नाही. त्यांच्या वाटा अजून आहेत.

तर उधेवाडीला फोन केला. पलीकडून एका मावशींनी विचारलं, "किती मानसं? जेवायला कधीपातूर येताय?" झालं आरक्षण.

निघालो उल्हास नदीच्या काठाकाठानं. भात कापून झालेलं, खळ्यांवर झोडणी चाललेली, हवेत पेंढ्याचा वास. कोंदिवडे, मग कोंडाणे गाव आणि मग रानातून चढ. तासाभरात झाडी बाजूला झाली आणि समोर कोंडाणे लेणी! दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह. दर्शनी भाग सगळा दगडाचा, पण कोरलाय लाकूडकामासारखा. सज्जे, कठडे, जाळ्या, तुळयांची टोकंसुद्धा. डाव्या बाजूला एका भग्न यक्षमूर्तीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मी अक्षरं आहेत: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका कारागिराची दोन हजार वर्षांपूर्वीची सही आहे! मी तिथंच बसकण मारली.

लेण्यांच्या वरून वाट खरी उभी होते. कारवीच्या रानातून, दगडगोट्यांतून, घाम निथळत. आणि मग एकदम माची. राजमाची! श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि खाली उधेवाडीची घरं. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये हा किल्ला घेतला. कोकणातून बोरघाटानं वर येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायची, तर जागा हीच, हे श्रीवर्धनच्या माथ्यावर उभं राहिल्यावर कुणी समजावून द्यावं लागत नाही. खाली उल्हासचं खोरं, समोर नागफणी, उत्तरेला ढाक, पलीकडं माथेरान. गोनीदांच्या 'माचीवरला बुधा' कादंबरीतली माची हीच. कॉलेजात वाचली होती, पण ती अशी घरावरच्या डोंगरात आहे हे आत्ता कळलं.

त्या रात्री मावशींच्या घरी पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि वर इंद्रायणीचा वाफाळता भात. आमच्याबरोबर पुण्याची दोन पोरं आणि ठाण्याचं एक जोडपं पंगतीला. ओळखपाळख नसताना गप्पा रंगल्या, उद्याच्या वाटांची चौकशी झाली. आल्प्समधल्या त्या लांब टेबलाचं मित्राला जे कौतुक होतं, ते इथं शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून मिळालं. शिवाय आल्प्समधले निवारे चालणाऱ्यांसाठी बांधलेले. इथं घर आधीपासून आहे, नांदतं आहे, आपण त्यात एक रात्र सामावून जातो. आजोबा कोपऱ्यात खोकत असतात, पोरगी अभ्यास करत असते, म्हैस ओरडते. म्हणजे डोंगर बघायला जावं आणि डोंगरातला संसार बघायला मिळावा!

सकाळी निघताना मावशींनी पुढची सोय लावून दिली. "जांभिवलीला जा, आमचं पाव्हणं हायती." आणि मग सगळीकडं हेच होत गेलं. एका घरानं दुसऱ्या घराचं नाव द्यायचं. कुणाची लेक तिकडं दिलेली, कुणाची सून इकडची. आल्प्समध्ये महिनोन्‌महिने आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते म्हणे. इथं सगळी यंत्रणा सोयरिकीवर चालते आणि कुठंही चुकत नाही.

वळवंड मागं टाकून, शिरोता धरणाचं निळंशार पाणी बघत, नाणे मावळातून जांभिवली आणि कोंडेश्वराचं देऊळ. तिथून ढाकचा बहिरी, म्हणजे कड्यातल्या गुहेतला देव. हे प्रकरण निराळं आहे, म्हणून सांभाळून सांगतो. कळकरायच्या सुळक्याशेजारची अरुंद नळी उतरायची, मग कड्यावरच्या खोबणींत बोटं रुतवत, दोर धरत, शेवटी लाकडाच्या सोटावरून गुहेत चढायचं. खाली बघू नका. गावातला जाणता माणूस बरोबर असल्याशिवाय आणि पावसाळ्यात तर अजिबात जाऊ नका. पण गुहेत पोचलो आणि अंगावर काटा आला. शेंदूर फासलेला देव, थंडगार पाण्याचं टाकं आणि भांडी! देवाची भांडी. येणाऱ्यानं घ्यावीत, रांधावं, घासून परत ठेवावीत. कुलूप नाही, पहारेकरी नाही. वाटसरूची सोय करायची ही रीत कुठल्या क्लबाच्या नियमावलीत लिहून काढता येईल?

तिथून आंदर मावळ, कुसूर. कुसूरचं पठार हे या सगळ्या वाटेवरचं माझं लाडकं ठिकाण. सोनेरी गवत कमरेएवढं, वारा सुटलेला आणि पठार जिथं तुटतं तिथं खाली अख्खा कर्जत तालुका पसरलेला. इथून कुसूरचा जुना घाट भिवपुरीला उतरतो. बैलांचे तांडे याच वाटेनं ये-जा करत. पायथ्याला भिवपुरीत पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी बांधवलेला दगडी तलाव आहे.

पठाराच्या दुसऱ्या अंगाला ठोकळवाडीचा प्रचंड जलाशय. आंद्रा नदी खरी वाहते पूर्वेला. इंद्रायणीला, मग भीमेला, मग कृष्णेला मिळून तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते इथं अडवलं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि घाटाखाली नळांतून सोडून १९२२ मध्ये भिवपुरीच्या वीजघरात चाकं फिरवली. काम झाल्यावर ते पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरतं आणि अरबी समुद्राला जातं. शंभर वर्षं हे रोज चाललंय. भिसेगावाच्या डोक्यावर एक नदी तोंड फिरवून उभी आहे आणि आम्ही खाली लोकल चुकली म्हणून हळहळतोय!

पुढं सावळे, मग भल्याथोरल्या पवनचक्क्या, मग वांद्रे. चाल लांबलचक. पाय बोलायला लागतात. एका घरी ताक मिळालं. पैसे देऊ केले तर काकू म्हणाल्या, "ताकाचं कुठं पैसं असत्यात व्हय?" येळवलीकडं जाताना रान दाटलं. हे भीमाशंकर अभयारण्य, १९८५ मध्ये जाहीर झालेलं, शेकरूसाठी राखलेलं. मान वर करून चालत होतो, आणि दिसला! तांबूस पाठ, झुबकेदार शेपूट, एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप की मी ओरडलोच. वाट दाखवायला बरोबर घेतलेला गावचा पोरगा म्हणाला, "हळू की काका, रोज दिसतंय ते." त्याला रोज दिसतं! मी आपला राज्यप्राणी पहिल्यांदा बघत होतो.

भीमाशंकरला देवळासमोर टांगलेली पोर्तुगीज घंटा बघितली. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेची, १७३९ च्या विजयाची खूण. सागरकिनाऱ्यावरच्या चर्चमधली घंटा माणसांनी घाटवाटांनीच वर आणली असेल ना? आता त्या चढाचा हिशेब मला मांडीच्या स्नायूंनी कळतो. मग गणेश घाटानं उतरलो. पदरगड बघत, वाटेतल्या गणपतीला हात जोडत खांडसला पोचलो आणि एसटीनं कर्जत. दुसरी शिडी घाटाची वाट आहे, पण ती खरोखरच शिड्यांची आहे. थकल्या पायांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. रोख पैसे ठेवा, कारण रेंज मिळेलच असं नाही. आदल्या दिवशी निरोप पोचवा, म्हणजे तुमच्या नावाचं पीठ भिजतं. जेवणा-राहण्याचा जो दर सांगतील तो मुकाट द्या, घासाघीस करू नका; भात एकदाच पिकतो आणि या घरांना तुमच्या मुक्कामाचा आधार असतो. प्लास्टिक परत आणा. ढोरवाटा फसव्या असतात, तेव्हा पठारांवर गावचा माणूस सोबत घ्या. त्याच्याशी बोलण्यात जे कळतं ते कुठल्याही नकाशात नाही. पोरांना न्या. आईवडिलांना निदान उधेवाडीपर्यंत तरी न्या.

आणि अजून एक! भीमाशंकरला हे संपत नाही. तिथून उत्तरेला आहुपे, मग दुर्ग आणि ढाकोबा, मग नाणेघाट, मग हरिश्चंद्रगड, आणि पुढं रतनगड, कळसूबाई. सगळी एकच रांग, आणि वाटेवर जागोजागी गावं. येळवलीला ज्यांच्या घरी टेकलो त्या दादांना मी निघताना विचारलंच, आहुप्याला तुमचं कुणी आहे का? ते हसले. "हाय की. चुलतभाऊ." नंबर घेऊन आलोय. रजेचा अर्जही टाकलाय. येताय का?