चेकचं गोत्र

'चेक' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो वेशीवर. आम्ही मुलुंडचे. मुंबई संपून ठाणं जिथे सुरू होतं, तिथल्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या जकात नाक्याला सगळे चेकनाका म्हणत. मालट्रकांची लांबलचक रांग, डिझेलचा वास आणि कंडक्टरचा 'चला, चेकनाका' असा पुकारा. चेक म्हणजे अडवतात ती जागा, असा माझा पक्का समज होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाक्याचं कामच संपलं. नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

दुसरा चेक बाबांचा. ते बँकेत क्लिअरिंग खात्यात होते. आमच्या घरी चेकला दोनच गती होत्या: तो एक तर वटायचा, नाही तर परत यायचा. 'धनादेश' हा शब्द बाबांनी बँकेतल्या फलकावर रोज वाचला, पण तोंडाने कधी उच्चारला नाही. बुद्धिबळाच्या पटावर मात्र त्यांना 'चेक' चालत नसे. शाळेत सगळी मुलं चेक म्हणत, मीही म्हणे. बाबा हत्ती हातातच धरून थांबत. "शह म्हण. चेक बँकेत." त्या काळात गिरगावच्या खाडिलकर भगिनी घराघरात ठाऊक झाल्या होत्या. १९८१मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेती झाली, तेव्हाचं वर्तमानपत्राचं कात्रण बाबांनी पटाच्या खोक्यात ठेवलं होतं. मुलीने बुद्धिबळ खेळावं, आणि मराठीत खेळावं, एवढीच त्यांची अट.

बँकेतला चेक आणि पटावरचा शह हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, हे बाबांना ठाऊक नव्हतं. मलाही ते फार उशिरा कळलं, न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जाडजूड शब्दकोश चाळताना.

आपल्याकडून हा खेळ इराणात गेला तो चतुरंग हे नाव घेऊन. तिथे त्याचं चतरंग झालं, अरबांकडे शतरंज. युरोपात इंग्रजांपर्यंत पोचताना मात्र खेळाचं नाव वाटेत गळालं आणि खेळताना द्यायची हाळी पुढे गेली. राजावर मोहरा रोखला की फारसीत म्हणायचं 'शाह', म्हणजे राजा, सांभाळ. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं स्काकुस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक आणि इंग्रजीत चेक. त्या एशेकच्या अनेकवचनातून चेस निघालं. म्हणजे खेळाला नाव मिळालं ते त्यातल्या आरडाओरड्याचं. 'शाह मात' म्हणजे राजा हतबल झाला. त्याचं इंग्रजीत चेकमेट झालं, आणि आपल्याकडे संकटांवर, दुष्काळावर, प्रतिस्पर्ध्यावर 'मात' करणं सुरू झालं.

शाह या शब्दाचा माग आणखी मागे काढला की तो प्राचीन पर्शियनमधल्या 'ख्शायथिय'पाशी पोचतो आणि संस्कृतातल्या क्षत्र-क्षत्रियाचा चुलतभाऊ निघतो. आपलं 'शहर'ही त्याच कुळातलं. मुलुंडचा तो कंडक्टर दिवसभर इराणच्या बादशहाला मराठी नाक्यावर उभा करत होता, आणि खाली उतरणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता!

अमेरिकेत आले नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. इथे तर हा शब्द पावलोपावली. हॉटेलात जेवण झालं की वेटर चेक आणतो. नाट्यगृहाच्या दारात ओव्हरकोट ठेवायला कोट चेक. पगार म्हणजे पेचेक. पावसाने बेसबॉलचा सामना बुडाला तर पुन्हा यायला रेन चेक. एकोणिसाव्या शतकात निघालेली ही बेसबॉलची चिठ्ठी आता 'आज नको, पुन्हा कधीतरी' अशी सभ्य नकारघंटा झाली आहे. चौकड्यांचा शर्ट म्हणजे चेक्स. बाजूला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट्टा असलेल्या टॅक्सीचं नावच मुळी चेकर. मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात ती १९८२पर्यंत बनत होती. आणि इथला एक जुना विनोद: भारतात बिल भरायला चेक देतात, अमेरिकेत चेक भरायला बिल देतात. इथे नोटेला बिल म्हणतात ना!

हे सगळं विस्कळीत वाटतं खरं, पण बारकाईने पाहिलं तर घराण्याच्या दोनच शाखा आहेत. एक त्या हाळीची: थांब, पुढे येऊ नकोस. दुसरी त्या पटाची: चौकटी, घरं. टॅक्सी आणि शर्ट पटाच्या शाखेत. कोट चेक, चेकनाका, डॉक्टरकडचं चेकअप ही हाळीची नातवंडं. आधी अडवायचं, मग अडवलंच आहे तर नीट बघून घ्यायचं. अडवणं आणि तपासणं यांत अंतर फार नाही, हे कुठल्याही टीसीला विचारा.

पैशाच्या चेकमध्ये मात्र दोन्ही शाखांची सोयरीक झाली, आणि माझ्या मते या घराण्यातली सगळ्यात मजेदार कहाणी तीच आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या टेबलावर होई, सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर आखलेलं कापड अंथरायचे, आणि त्या रकान्यांत सोंगट्या सरकवून पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे. परगण्याचा शेरीफ एका बाजूला, खजिनदार दुसऱ्या बाजूला. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्या काळीच यावर एक ग्रंथ लिहून ठेवला आहे. खेळात दोन राजे भिडतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ भिडतात, असं तो म्हणतो. त्या पटामुळे खजिन्याचं नाव पडलं एक्सचेकर. पुढे अठराव्या शतकात हुंडीची जी स्थळप्रत मागे राहायची, तिला चेक म्हणू लागले, कारण ती खोटेपणाला अटकाव करायची. नंतर ते नाव स्थळप्रतीवरून हातात पडणाऱ्या कागदावर सरकलं. इंग्रजांनी एक्सचेकरच्या ऐटीत त्याचं स्पेलिंग लांबवलं, अमेरिकनांनी जुनं साधं स्पेलिंग ठेवलं. आपण अर्थातच इंग्रजांच्या शाळेत शिकलेलो. काही जण बँकेच्या चेकचं मूळ अरबी 'सक्क'मध्ये शोधतात. मध्ययुगातले अरब व्यापारी सक्क लिहून देणी भागवत हे खरंच आहे, पण इंग्रजीचे कोशकार सहसा ही सोयरीक मानत नाहीत.

बाबा इथे पहिल्यांदा आले ते नव्वदचं दशक संपत असताना. त्यांना नायगारा दाखवला, न्यूयॉर्क दाखवलं. सगळीकडे त्यांनी शिस्तीत फोटो काढून घेतले. पण ते खरे रमले ते महिनाअखेरीला बँकेतून आलेल्या जाडसर पाकिटात. तेव्हा इथल्या पुष्कळ बँका वटलेले चेक महिन्याच्या हिशेबासोबत खातेदाराला परत पाठवत. बाबा चकित झाले. वटलेला चेक बँकेच्या दफ्तराबाहेर जातो, ही कल्पनाच त्यांना सोसेना. मग ते दिवाणखान्यात चष्मा पुसून बसले आणि एकेक चेक उलटा करून मागचे शिक्के वाचू लागले. घरभाड्याचा चेक कुठल्या बँकेत भरला, कुठल्या तारखेला कुठल्या केंद्रातून गेला, किती दिवसांनी आमच्या बँकेत पोचला, हे सगळं त्यांना त्या मागच्या बाजूवर दिसत होतं. मी त्या चेकांवर नुसती सही केली होती. त्यांना त्यात रात्रपाळ्या दिसत होत्या.

"हे सगळे विमानाने जातात?" त्यांनी विचारलं. जात होते. रोज रात्री विमानं भरभरून चेक देशभर फिरत. चेकच्या खालच्या काठावर छापलेले ते चौकोनी वळणाचे आकडे पाहून तर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चुंबकीय शाईची ही लिपी १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झाली आणि मुंबईच्या क्लिअरिंगमध्ये त्यांनी तीच हाताळली होती. फक्त एका गोष्टीवर ते नाराज होते. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या की तो चेक फक्त खात्यातच जमा होतो, हा आपला रिवाज. अमेरिकेच्या कायद्यात त्या रेघांना काही अर्थच नाही. "रेघा न ओढता पाठवतेस?" एवढंच म्हणाले, पण चेहऱ्यावर दार उघडं टाकून झोपणाऱ्या मुलीबद्दलची काळजी होती. रक्कम शब्दांत लिहिताना शेवटी 'फक्त' नाही, सेंट मात्र शंभरच्या अपूर्णांकात, तारखेत महिना आधी. हेही त्यांना पटलं नाही.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर देशातली सगळी विमानं जमिनीवर आली तेव्हा ती चेकची विमानंही थांबली. पैशांचा कागद विमानावर अवलंबून ठेवायचा नाही, या विचाराला त्यानंतर जोर आला. ऑक्टोबर २००३मध्ये कायदा झाला, २८ ऑक्टोबर २००४पासून लागू झाला, आणि चेकच्या चित्राला चेकचाच मान मिळाला. वटलेल्या चेकांची पाकिटं हळूहळू यायची थांबली. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आता मागची बाजू कोण वाचणार?"

नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा हा शब्द पुन्हा वाट अडवून उभा राहिला. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी आधीच देत, त्यातले दहापर्यंत विचारत, सहा बरोबर आले की झालं. त्यात एक प्रश्न असा होता, की सरकारची एखादी शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय असतं? उत्तर: चेक्स अँड बॅलन्सेस. स्वयंपाक करता करता मी ही यादी पाठ करत होते आणि या उत्तराशी दर वेळी मला हसू येई. आपल्या वर्तमानपत्रांत याच गोष्टीला 'शह-काटशहाचं राजकारण' म्हणतात. इथे संविधानाचं तत्त्व, तिथे मुंबईतल्या बातमीदाराची नाकं मुरडणारी शब्दयोजना. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने 'नियंत्रण आणि समतोल' असं सोवळं नेसवलं तरी आतला माणूस तोच. आणि मला तर बातमीदाराचा शब्दच जास्त प्रामाणिक वाटतो. जेम्स मॅडिसनने १७८८मध्ये फेडरलिस्ट लेखमालेच्या एक्कावन्नाव्या लेखात जे मांडलं त्याचा गाभा असा, की माणसं देवदूत नसतात, म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेसमोर दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा उभी करा. हा शह-काटशहच नाही तर काय? फरक इतकाच, की त्याने तो आधीच कागदावर मांडून ठेवला.

गंमत अशी की राजाला हाकलून उभ्या राहिलेल्या या देशाने राज्यकारभारासाठी निवडलेला हा शब्द मुळात राजाचंच नाव. २०२५च्या जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये 'नो किंग्ज' म्हणत देशभर लोक रस्त्यावर उतरले. आमच्या गावातल्या चौकातही फलक घेऊन माणसं उभी होती, आणि एका आजोबांच्या पुठ्ठ्यावर 'चेक्स अँड बॅलन्सेस'ची मागणी होती. राजा नको, शहा हवा! मी गाडीतून हॉर्न वाजवला. त्यांना व्युत्पत्ती सांगायला थांबले नाही. मागे सिग्नल सुटला होता.

फॉर्मवरच्या चौकोनात खूण करणं हेही इथे चेकच. हा देश माणसाला चौकोनात बसवल्याशिवाय चहाही पाजत नाही. जनगणनेत 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र चौकोन १९८०मध्ये पहिल्यांदा आला; त्याआधी आलेल्या आपल्या लोकांना स्वतःसाठी ते घरच नव्हतं. इथे पुन्हा पटाचीच शाखा आली: घर मिळालं की मोहरा मोजला जातो.

लेक नोकरीसाठी सिअॅटलला गेल्यापासून मात्र एक असा चेक माझ्या वाट्याला येतो ज्याचं मराठी मला अजून करता आलेलं नाही. तिचा फोन येतो, "आई, जस्ट चेकिंग इन." काही काम नसतं. आपण म्हणतो, 'सहज केला'. पण सहज म्हणण्यात आपण काळजी लपवतो, आणि हिच्या चेकिंग इनमध्ये ती नोंदवहीत सही केल्यासारखी हजेरी लावते. आधी मला याचा राग यायचा. आई काय नाका आहे? आता बुधवारी फोन नाही आला तर मीच करते आणि म्हणते, सहज केला.

कागदी चेकचे दिवस आता भरत आलेत. मार्च २०२५मध्ये अध्यक्षांचा आदेश निघाला आणि ३० सप्टेंबरनंतर केंद्र सरकारने कागदी चेक जवळजवळ बंद केले. आमचं मराठी मंडळही वर्गणी फोनवरूनच मागतं. माझं चेकबुक उरलं आहे ते फक्त आहेरासाठी. इथल्या मराठी लग्नात पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवायची सोय नाही, म्हणून चेकच एकशे एकचा, एकशे एक्कावन्नचा लिहायचा, आणि मेमोच्या रेघेवर 'शुभाशीर्वाद'. गेल्या वर्षी बहिणीच्या मुलाच्या लग्नात असाच दिला. त्याने मांडवातच फोनने चेकचा फोटो काढून जमा केला आणि विचारलं, "मावशी, हा वरचा एक डॉलर कशाला?" त्याला सांगितलं, शून्यावर थांबायचं नसतं, पुढे चालू राहावं म्हणून. त्याने मान डोलावली.

परवा माझ्या वाढदिवसाला त्याने फोनवरून पन्नास डॉलर पाठवले. मी लगेच फोन लावला आणि वरचा एक मागून घेतला.