पेटीतले घड्याळ

लहानपणी मी एकदा वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ उघडले होते. त्याच्या पोटात टिकटिक कोण करते, एवढेच मला पाहायचे होते. एक चक्र ओढले मात्र, आणि गुंडाळून बसलेली कमान फटकन सुटून माझ्या बोटाला लागली. ते घड्याळ पुन्हा चालले नाही. बोटावरचा व्रण आजही आहे. आणि 'यंत्राला हात लावू नये' हा धडा त्या व्रणाहूनही खोल गेला.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. शाळेत संगणक आले, आणि त्या सर्वांना हवी ती माहिती पुरवणारा एक मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, आला. इतर संगणकांचा तो जणू कोठावळाच! मी त्याला कुलपात ठेवले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, याच्या आत काय असतं?" मी दरडावलो, "बिघडवशील! दूर उभा राहा." तो मान खाली घालून निघून गेला.

गेल्या हिवाळ्यात तोच मुलगा मंद्रूपला माझ्या घरी आला. आता तो सोलापुरात संगणक दुरुस्त करतो. "गुरुजी, शाळेनं मोडीत काढलेला तो सर्व्हर मी विकत घेतला. आज उघडू या का?" पेटी चालते हे त्याने दाखवले आणि मग ती रीतसर बंद केली. मी उत्साहाने पेचकस उचलला. तो हसला. "आधी वीज, गुरुजी. पेचकस नंतर."

सर्व्हरला बहुधा दोन वीजपुरवठे असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालते. म्हणून त्याने दोन्ही तारा काढल्या, सुरू करण्याची कळ काही क्षण दाबून धरली आणि थोडा वेळ थांबला. "तारा काढल्या तरी आत वीज साठून राहते. तुमच्या घड्याळातल्या कमानीसारखी! वीजपुरवठ्याची डबी तर आपण उघडायचीच नाही; ती जिवावर बेतू शकते."

मग त्याने मला लोकरी स्वेटर काढायला लावले. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, ती स्थिर वीज. आपल्याला जाणवतही नाही एवढ्या विजेने नाजूक भाग निकामी होतात. म्हणून आम्ही पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श केला, आणि पुढेही मधूनमधून करीत राहिलो.

झाकण निघाले. आत एखाद्या जुन्या वाड्यासारखी आखीव रचना होती. पुढे हार्ड डिस्कचे खण, त्यामागे पंख्यांची रांग, मग धातूच्या पातळ पात्यांखाली दोन प्रोसेसर, त्यांच्या शेजारी रॅमच्या पट्ट्या आणि या सर्वांना जोडणारा मदरबोर्ड. पुढून आलेली थंड हवा पंखे मागे ढकलतात; म्हणून झाकण काढून सर्व्हर चालवू नये. त्याने आधी छायाचित्र घेतले, काढलेले स्क्रू वाटीत ठेवले, आणि मला एक रॅमची पट्टी काढायला सांगितली. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून, पट्टी कडांना धरून मी ती अलगद उचलली. काही उडाले नाही. काही तुटले नाही.

कोपऱ्यात नाण्याएवढी एक बॅटरी होती. "ही कशाला?"

"पेटी बंद असली तरी आतलं घड्याळ चालू राहावं म्हणून."

मी क्षणभर काही बोललो नाही.

अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याची ती करामत होती. हे मी वर्गात अभिमानाने सांगत असे; आणि खेड्यातल्याच एका मुलाला पेटीपासून दूर लोटत असे! माझ्या घड्याळाचा घात उघडण्याने झाला नव्हता. कमानीतला ताण आधी उतरवला नाही, म्हणून झाला होता. जपून हात लावायला शिकवण्याऐवजी मी हातच बांधून ठेवले होते. त्याला तसे मी सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, मी तर घड्याळाची गोष्टच लक्षात ठेवली होती."

इतक्यात शेजारची मुलगी डोकावली. "आजोबा, यात काय आहे?"

"ये, दाखवतो. पण आधी पाहा बरे, तारा काढल्या आहेत ना?"

ती वाकली आणि पेटीच्या मागे नीट पाहू लागली.