कुंडलिकेच्या काठी चार माणसं, तीन कुत्री

तुमच्या घरी कुत्रा असेल तर सुट्टीचं ठरवताना काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बहुतेक हॉटेलं त्याला आत घेत नाहीत, आणि शेजाऱ्यांकडे ठेवून गेलं तर आपला निम्मा जीव फोनमध्ये अडकलेला. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही चार मित्रमैत्रिणींनी तंबू घेतले आणि कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठावर दोन रात्री राहायला गेलो. बरोबर माझी गावठी लाडू आणि मैत्रिणीचा ब्रूनो. हा ब्रूनो लॅब्राडोर, वय बारा, मागच्या पायांत संधिवात, कान जवळपास गेलेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "कुठे न्यायचं असेल तर ह्याच थंडीत न्या." खरं तर सहल त्याच्यासाठीच होती. बाकी आम्ही सगळे त्याचे सोबती.

तिसरा कुत्रा तिथेच भेटला. ज्यांच्या शेताच्या कडेला आम्ही उतरलो, त्या काकांचा. काळा, कानाचा एक तुकडा गेलेला. नाव विचारलं तर काका म्हणाले, "काळ्या. अजून काय असणार?"

संध्याकाळी नदी इतकी शहाणी दिसत होती, की आम्ही गोट्यांच्या सपाटीवर, अगदी पाण्याजवळ तंबू लावायला निघालो. काकांनी थांबवलं. काठावरच्या उंबराच्या खालच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा आणि दगडांवरची ओलसर रेघ दाखवली. म्हणाले, "सकाळी पाणी इथवर येतं. वर लावा."

थंडीत, पाऊस नसताना पाणी कसं चढेल? त्याचं उत्तर घाटाच्या वर आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात आणतात. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. एरवी जे पाणी मुळा, भीमा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते वीज करून कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. ह्याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. कोलाडचं राफ्टिंगही ह्याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. म्हणजे नदीचं घड्याळ पावसाच्या नाही, विजेच्या हातात.

रात्र तुम्हाला वाटते तशी शांत नसते. आधी पलीकडच्या कुठल्याशा कॅम्पचे स्पीकर. (नदीकाठी येऊन तीच गाणी ऐकायची तर घरची गच्ची काय वाईट?) ते दहाला बंद पडले. मग रातव्याची टकटक सुरू झाली. आणि अकराच्या सुमारास जंगलातून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला. एकच भुंक, थांबून पुन्हा एक. लाडू ताठ झाली, पण उलट भुंकली नाही, माझ्या मांडीत शिरली. ते भेकर होतं. धोका जाणवला की ते हरीण असंच भुंकतं. काका काळ्याला घेऊन घरात गेले आणि दार लावून घेतलं. त्याच्या आधीचा त्यांचा कुत्रा अंगणातून बिबट्याने नेला होता. आम्हीही दोन्ही कुत्री तंबूत घेतली आणि चेन ओढून टाकली. म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या शेजारी छोट्या तंबूत झोपणं काय असतं ते वास घेतल्याशिवाय कळत नाही.

सकाळी मैत्रीण ब्रूनोला लांब दोरी बांधून नदीतल्या मोठ्या खडकावर चहा घेऊन बसली होती. मधल्या धारेत पाणी घोट्याएवढंच. काळ्या तिथेच ऊन खात पडलेला. तो एकदम उठला, नदीच्या वरच्या अंगाला बघत कान टवकारले आणि सरळ काठाकडे चालू लागला. ब्रूनोला कुणाची हाक ऐकू येत नाही, पण दुसरं कुत्रं निघालं एवढं त्याला दिसलं. तोही लंगडत त्याच्या मागे. मैत्रीण कप घेऊन दोरीच्या ओढीने आली. काका वरून ओरडतच होते, "या, या, या!" थोड्याच वेळात त्या खडकाचा माथाही दिसेना. मैत्रीण ब्रूनोच्या गळ्यात हात टाकून कितीतरी वेळ बसून राहिली. आम्ही कुणी तिच्याशी बोललो नाही.

तुम्ही जाणार असाल तर दोनच गोष्टी. अभयारण्याच्या हद्दीत कुत्रा नेऊ नका, गावाच्या कडेच्या खासगी जागेत राहा. आणि निघण्यापूर्वी त्याच्या लसी पूर्ण आहेत का बघा, रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही. हा विषाणू कुत्र्यांकडून रानातल्या प्राण्यांत जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात तोच सापडला होता. आपण भीती बिबट्याची धरतो, बिबट्याने आपल्या लाडूची धरायला हवी.

निघताना काळ्याला उरलेल्या भाकऱ्या दिल्या. त्याने एक खाल्ली, दुसरी ब्रूनोसमोर पुरली. घरी आल्यावर दोघांच्याही अंगावरचे गोचीड काढायला मला आणि मैत्रिणीला अख्खा रविवार लागला, आणि ब्रूनो त्या वेळात एकदाही कुरकुरला नाही, नुसता घोरत होता.