मदरबोर्डवरचे रेड की वेगळे कार्ड?

एक हार्डडिस्क उडाली तरी काम अडू नये, ही रेडमागची मूळ कल्पना. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती १९८८ साली एका शोधनिबंधात मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, हा त्यांचा आग्रह. आधी सर्व्हरमध्ये रुळलेली ही सोय पुढे मदरबोर्डच्या चिपसेटमधून डेस्कटॉपपर्यंत पोहोचली.

भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या फोटो स्टुडिओंत कॅसेट मागे पडल्या आणि लग्नाचे शूटिंग हार्डडिस्कवर साठू लागले. लग्न पुन्हा लावून शूटिंग करता येत नाही. म्हणून दोन डिस्कवर तंतोतंत तेच उतरवणारे रेड १ इथे उपयोगी पडते. मदरबोर्डवर ते फुकट मिळते. बायोसमध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलून दोन डिस्कची जोडी बांधली की झाले. मात्र विंडोज टाकण्याआधीच तो बदललेला बरा, नाहीतर विंडोज बहुधा सुरूच होत नाही. इंटेलच्या एच६१, एच८१ सारख्या स्वस्त चिपसेटवर ही सोय नसते. मदरबोर्डवरच्या रेडमध्ये हिशेबाचे काम संगणकाचा प्रोसेसरच करतो. पण दोन डिस्कवर तेच लिहिण्याचा बोजा नगण्य असतो. बोर्ड जळला तरी जोडीतली एक डिस्क दुसऱ्या संगणकावर बहुधा वाचता येते.

वेगळ्या कार्डाला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी आणि बहुधा बॅटरी असते. रेड ५ मध्ये मजकुरासोबत पॅरिटीही (हरवलेला भाग पुन्हा मिळवून देणारा हिशेब) लिहावी लागते. नेमकी त्याच क्षणी लाइट गेली, तर दोन्हींचा मेळ तुटतो. बॅटरी असलेले कार्ड अर्धवट राहिलेले लिखाण मेमरीत जपते आणि लाइट आल्यावर पूर्ण करते. भारनियमन सोसलेल्या गावाला याचे मोल सांगायला नको.

पण ही कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार पंख्यांच्या भरवशावर बनलेली असतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये ती चटके बसण्याइतकी तापतात आणि बॅटरी लवकर थकते. बॅटरी थकली की कार्ड सावध पवित्रा घेते, प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर करते आणि वेग घसरतो. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यात रेंगाळल्या, तर कार्ड त्यांना मेलेल्या समजून संचातून काढून टाकते. कार्डच बिघडले, तर त्याच घराण्याचे दुसरे शोधावे लागते. जुने मॉडेल नागपूरच्या सीताबर्डीतही हमखास मिळेल असे नाही.

म्हणून दोन डिस्कची जोडी असेल तर मदरबोर्डवरचे रेड १ आणि सोबत चांगला यूपीएस पुरे. चार-सहा डिस्कचे रेड ५ किंवा ६ असेल आणि त्यावर अनेकजण एकाच वेळी काम करत असतील, तरच कार्डाचा खर्च वसूल होतो.

बॅकअपचे काम मात्र दोन्हींकडून होत नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले. अशा पुरात कॅबिनेट बुडाले की आतल्या साऱ्या डिस्क एकत्रच बुडतात. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात असावीच लागते.