पर्यायी शब्द

तात्यापारा हे नाव कानाला अर्धे मराठी, अर्धे छत्तीसगढी लागते. तात्या आपल्या घरातले. पारा म्हणजे छत्तीसगढीत वस्ती. रायपूरच्या या भागात राहणाऱ्याला भाषांतर मुद्दाम शिकावे लागत नाही, ते उंबऱ्यावरच सुरू होते. तरी एक शब्द मला आजवर उंबऱ्याच्या आत घेता आलेला नाही : सरई.

हिंदीत तो साल. मराठीत साल म्हणजे वर्ष, नाहीतर झाडाची साल. शाल म्हणावे तर सत्कार समारंभ आठवतो. शालवृक्ष म्हटले की शालभंजिका येते, बुद्धाचे महापरिनिर्वाण येते; रानातले झाड येत नाही. याचे कारण भूगोलात आहे. मराठी मुलूख सागाचा, सरईची राने त्याच्या पूर्वेला. आपल्याकडे पोचला तो या झाडाचा डिंक, म्हणजे राळ. मशालीवर ती उधळली की भडका उडायचा. टीकेची राळ आपण अजून उडवतो, पण ती कुठल्या झाडाची हे विसरलो.

कोरब्याजवळ सतरेंग्याला एक जुनी सरई आहे. महावृक्ष म्हणतात तिला. वय चौदाशे वर्षे सांगतात. सागाची वलये मोजता येतात. सरईची वलये तशी ठळक नसतात. मी ती पाहायला गेले तेव्हा आकडा बाजूला ठेवला आणि मान दुखेपर्यंत वर पाहत राहिले. पलीकडे बांगो धरणाचे पाणी होते.

हे पाणी हसदेव नदीचे. तिच्या वरच्या अंगाला हसदेव अरण्य, त्याच्याखाली कोळसा. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथले गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. २६ जुलै २०२२ रोजी विधानसभेने तिथले खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. डिसेंबर २०२३ मध्ये खाणीसाठी पुन्हा झाडे पडली. अशा तोडीवर सरकारी कागदात एक उत्तर ठरलेले असते : पर्यायी वनीकरण.

पर्यायी शब्दांवर माझे पोट चालते. एकाच्या जागी दुसरा ठेवता येतो, यावर विश्वास नसता तर मी या धंद्यात पडलेच नसते. पण सरईचे बी जूनच्या सुमारास पिकते आणि आठवड्याभरातच त्याची उगवणशक्ती जाऊ लागते. तेवढ्यात पाऊस गाठला तरच ते रुजते. पुढे कित्येक वर्षे रोप वरून वाळते, मुळातून पुन्हा फुटते, आणि मुळे पुरेशी बळावली की मग उंच होते. रोपवाटिकेत वाढवून दुसरीकडे लावण्याला हे झाड सहजी दाद देत नाही. तोडलेल्या झाडांइतकी, हवी तर दुप्पट झाडे लावता येतील. ते सरईचे रान होईलच असे नाही.

सध्या एका छत्तीसगढी कथेचे मराठी करते आहे. संपादकांनी समासात लिहिले आहे : ‘सरई – पर्यायी शब्द?’

मी खाली लिहिले : ‘नाही. सरईच ठेवावे.’