चांदबिबीच्या महालावर आजी

आमच्या सावेडीला मुद्दाम बघायला म्हणून कुणी येत नाही. मनमाड रस्त्यावरून शिर्डीला जाणाऱ्या गाड्या भरभरून धावत असतात. त्यातला एखादा पाहुणा आमच्याकडे चहापुरता थांबतो, "नगरला बघण्यासारखं काय हो?" म्हणून विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत कपबशी खाली ठेवून निघतोही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं, की इथे बघायचं ते काय! पण दोन लहान मुली पदरात असल्या की गाव आपोआप बघून होतं. रविवारी चार वाजले की त्यांना घरात डांबून ठेवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही.

सावेडी म्हणजे मूळचं नगरजवळचं एक खेडं. सासूबाई सांगतात, त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सगळी बाजरीची शेतं होती. मालीवाड्यातला भाड्याचा वाडा सोडून सासरेबुवांनी इथे प्लॉट घेतला, तेव्हा "रानात कशाला जाता?" असं सगळे म्हणाले होते. आता त्या रानात गुलमोहर रोड आहे, पाईपलाईन रोड आहे, आणि संध्याकाळी रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागतात. भिस्तबागेचा पडका महाल तेवढा जुन्या काळाची खूण म्हणून उभा आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशहांनी तिथे बाग केली होती. पाण्याच्या मधोमध महाल! आमच्या धाकटीचं पहिलं पाऊल घरात पडलं, पण ती पहिल्यांदा पळाली ती भिस्तबागेजवळ, एका शेळीच्या करडामागे. आमच्या 'ह्यांना' दम लागला, करडू सापडलं नाही ते नाहीच.

थोरली सायकल शिकली तीही याच भागात. मागे धरून पळायचं काम माझ्याकडे होतं. एका सकाळी मी हात सोडला आणि तिला कळलंच नाही. पन्नास पावलं तशीच गेली आणि मग मागे वळून पाहिल्यामुळे पडली. गुडघा फुटला. घरी आल्यावर सासूबाई हळद लावता लावता म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कशाला हवी सायकल? मुलगा असता तर गोष्ट वेगळी."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. धाकटीच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात असतानाच एक दूरच्या नात्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, "आता तिसऱ्या खेपेला तरी." सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मालीवाड्याच्या विशाल गणपतीला जाऊन आल्या. त्यांनी नातवासाठी नवस बोलला आहे, हे मला शेजारणीकडून कळलं. आम्ही दोघांनी दोन मुलींवरच थांबायचं ठरवलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. सहा वर्षं तो नवस आमच्या घरात तिसऱ्या मुलासारखाच वावरत होता. कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही, पण आहे हे सगळ्यांना ठाऊक.

निमित्त झालं ते थोरलीच्या गृहपाठाचं. 'माझ्या गावातील ऐतिहासिक स्थळ' यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं, 'चांदबिबी महालात चांदबिबी राहत असे.' मी म्हटलं, बाळ, तिथे ती राहत नव्हती. तो महालच नाही. निजामशाहीतल्या सलाबतखान नावाच्या वजिराची ती कबर आहे, लोकांनी नाव मात्र चांदबिबीचं ठेवलं. थोरलीने पेन खाली ठेवलं. "मग चांदबिबीचं घर कुठंय?"

म्हणून आधी भुईकोट किल्ला झाला. (हा किल्ला पुष्कळ वर्षं लष्कराकडे राहिला आहे. तेव्हा जाण्यापूर्वी आत सोडतात का याची चौकशी करा आणि मोठ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. पोरं उन्हात ताटकळली की इतिहास बाजूला राहतो.) डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवर रुंद खंदकाच्या आत बसलेला गोल किल्ला. १५९५ च्या डिसेंबरात मोगलांचा शहजादा मुराद याने त्याला वेढा घातला. सुरुंग लावून तट उडवला, मोठं खिंडार पडलं. तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, हातात तलवार घेऊन त्या खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी करून घेतली. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारलं, हे मी धाकटीला सांगणार नव्हते. थोरलीने सांगून टाकलं. १९४२ नंतर नेहरू, आझाद, पटेल यांना ठेवलं होतं त्या खोल्याही तिथेच आहेत. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. मुलींना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्या खिंडार कुठलं ते शोधत होत्या.

१९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आम्ही आधीच दोनदा पाहिलं होतं, ते मुख्यतः 'ह्यांच्या' हौसेखातर. डोंगरगणही झालं होतं. तिथे पावसाळ्यात जावं, पण श्रावणी सोमवार टाळावा, रामेश्वराच्या दर्शनाला फार गर्दी असते. राहता राहिला चांदबिबी महाल.

शनिवारी रात्री मी दशम्यांचं पीठ दुधात भिजवत होते (पाण्याचा थेंब घालू नये, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात). सासूबाई दाण्याची चटणी कुटत होत्या. सहज म्हणाल्या, "चांदबिबीला तिखटमिठाच्या पुऱ्याच बऱ्या. वाऱ्यानं दशमी कोरडी पडते." मी विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात?"

"मी? नाही बाई. वाड्यातली पोरं सायकलवरनं जायची. तुझा नवरा, त्याचे चुलतभाऊ. पहाटे उठून साठ-साठ पुऱ्या तळल्यात मी. डबे परत आले की कळायचं काय कमी पडलं ते."

बेचाळीस वर्षं नगरमध्ये! अंगणातून पूर्वेला बघितलं की तो डोंगर आणि त्याच्या माथ्यावरची ती इमारत दिसायची, असं त्याच सांगतात. पुऱ्या वर गेल्या, बाई खालीच राहिली. मी म्हटलं, उद्या तुम्ही यायचं. गुडघे दुखतात, घराला कुलूप कसं लावायचं, दूधवाला येईल, अशी सगळी कारणं झाली. शेवटी धाकटी म्हणाली, "आजी, मी तुझा हात धरीन." धाकटीचा एक दात हलत होता. बोलताना शब्दाबरोबर तोही हलायचा. आजीला हसू आलं आणि तिथे प्रकरण मिटलं.

महाल शहरापासून साधारण तेरा किलोमीटरवर, पाथर्डी रस्त्यावर. भिंगार मागे पडलं की डोंगर समोर येतो. गाडी थेट माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे वयस्क माणसांनाही नेता येतं. एस.टी.ने गेलात तर मात्र खालून चढ चढावा लागेल. पाणी घरूनच न्या. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं की तिथल्या वाऱ्यात पाणी छान गार राहतं. मुलींचे केस घट्ट वेणीत बांधा. मी बांधले नव्हते, संध्याकाळी गुंता सोडवायला तासभर गेला.

इमारत अष्टकोनी, तीन मजली, काळ्या दगडाची. कुठे नक्षी नाही की रंग नाही, पण कमानी अशा की आकाश त्यात चौकटीत बसवल्यासारखं दिसतं. खाली तळघरात कबर. भोवतीच्या रुंद पडवीतून वर जाणारा जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला आहे, अरुंद आणि अंधारा. सासूबाई तिथे थबकल्या. मीही म्हटलं, राहू द्या. पण धाकटीने वचनाप्रमाणे हात धरला होता. पुढे नात, मध्ये आजी, मागून मी. एकेक पायरी चढताना सासूबाई भिंतीला हात लावून "राम राम" म्हणत होत्या, आणि धाकटी पायऱ्या मोजत होती आणि चुकत होती.

वर आल्यावर कमानीत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडाला, तो त्यांनी पुन्हा घेतला नाही. 'ह्यांनी' लांबवर बोट दाखवून सांगितलं, तो किल्ला, त्याच्या पलीकडे कुठेतरी सावेडी. "आणि मालीवाडा?" त्यांनी विचारलं. तो नीट सापडला नाही. सगळं इवलंसं दिसत होतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एवढंच होतं होय! मला वाटायचं फार लांब आहे."

थोरलीने आजीला सगळा वेढा तलवारीसकट सांगितला. पुऱ्या खाताना (शेवटी पुऱ्याच केल्या होत्या) धाकटीचा दात पडला. आधी रड, मग रक्त बघून आनंद. आमच्याकडे पहिला दात शेणात घालून कौलावर टाकतात. सावेडीत स्लॅबचं घर, कौल कुठलं आणि शेण कुठलं! "मी बघते," म्हणून सासूबाईंनी तो पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

उतरताना मात्र गुडघ्यांनी त्रास दिला. दोन दिवस शेकावं लागलं.

२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. सासूबाई अजून नगरच म्हणतात. पण थोरली आता एकटी सायकलने शाळेत जाते, आणि सायकलला हवा आहे ना हे रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघणाऱ्या सासूबाईच असतात.

आणि नवसाचं राहिलंच. महालावर जाऊन आल्यानंतरच्या संकष्टीला त्यांनी एकवीस मोदक केले. दोन्ही नातींना परकर-पोलकं घालून विशाल गणपतीला घेऊन गेल्या. मी डबा हातात देताना त्यांच्या तोंडाकडे बघितलं असावं. चपला घालता घालता म्हणाल्या, "बोललेलं फेडून टाकते. देवाला काय सांगायचं ते माझं मी सांगीन, तू विचारू नकोस."

मी विचारलं नाही. दुपारी त्यांचं महालावर नेसलेलं लुगडं धुवायला घेतलं, तर बादलीच्या तळाशी टिचकन काहीतरी वाजलं. पदराची गाठ सोडायची राहिली होती.