आणीबाणीत अथवा एरवी

“थांबा!” असे साहेब एकदम म्हणाले आणि मी थांबले. थांबले म्हणजे किती नीट थांबले म्हणून सांगू! आधी आरशात पाहिले. मग उजवा हात खिडकीबाहेर काढून कोपरातून सरळ वर उभा धरला, कारण थांबण्याची खूण तीच. गाडी हळूहळू डाव्या कडेला घेतली, गिअर एकेक करून खाली आणले, चाके फक्कीच्या पांढऱ्या रेघेला अगदी समांतर उभी केली, हातब्रेक ओढला आणि खांद्यावरून घसरलेला पदर सारखा करून साहेबांकडे पाहिले. शाबासकीची अपेक्षा होती असे नाही. पण निदान मान तरी डोलावतील, असे वाटले होते.

साहेबांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, पोरगं केव्हाच गाडीखाली आलं.”

मी दचकून मागे पाहिले. मैदान रिकामे होते. कुंपणापाशी आपला नंबर येण्याची वाट पाहत आठ-दहा तरुण मुले बसली होती, ती मात्र माझ्या मागे वळून पाहण्याला खदखदून हसली. सर्वांत लहान असेल अठरा वर्षांचा. आणि मी त्रेपन्न वर्षांची, एका नातवाची आजी! सात दिवसांनंतर पुन्हा या, असे सांगून साहेबांनी पुढच्याला हाक मारली.

ह्या वयात मोटार शिकण्याचे खूळ माझ्या डोक्यात कोठून शिरले, असे आमच्या हिंगोलीच्या आळीत पुष्कळांनी विचारले. मी सगळ्यांना हसून सांगत असे की, मुले परगावी गेली, आता वेळ जात नाही. हे काही खरे कारण नव्हे. खरे कारण म्हणजे गेल्या आषाढातली एक रात्र. दोनच्या सुमारास हे उठून पलंगावर बसले. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते म्हणाले, आणि घामाने अंगरखा भिजून गेला. आमची मोटार दारात उभी होती. टाकीत पेट्रोल होते. किल्ली माझ्या हातात होती. आणि ती चालवणारा घरातला एकुलता एक माणूस माझ्यासमोर छाती धरून बसला होता! मी भर पावसात अनवाणी धावले. पलीकडच्या घरी एक पाहुणा मुलगा आलेला होता. तो गावाकडे ट्रॅक्टर चालवी. झोपेतून उठून तो तसाच आला आणि त्याने आम्हांला दवाखान्यात पोचवले. ह्यांचे सर्व ठीक झाले. नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र बजावले की, आता मोटार चालवायची नाही. घरी आल्यावर हे काही बोलले नाहीत. पण रोज सकाळी फडके घेऊन गाडी पुसत राहिले. आठव्या दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घातले.

गाडी पुढे नेणे मला लवकर जमले. क्लच, गिअर ह्यांचा बाऊ करतात तेवढा काही नसतो. भाकरी थापताना दोन हात जशी दोन कामे करतात तसेच ते आहे. आठाच्या आकड्यात गाडी फिरवणे, मागे घेणे, चढावर उभी करून पुन्हा सोडणे, सगळे झाले. अडले ते थांबण्यापाशी. आमचे मास्तर वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. ते शेजारी बसून मधेच ओरडत, “मावशी, ब्रेक!” आणि मी ब्रेकवर पाय ठेवी, पण तो कसा, तर कोणाच्या पायावर चुकून पाय पडावा तसा. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकवण्याच्या गाडीला तो लागतोच. शेवटी तोच दाबला जाई. “पाय काहून घाबरतो तुमचा?” असे ते विचारीत. मला उत्तर देता येत नसे.

वास्तविक मी काही मंद बाई नव्हे. दूध उतू जायला लागले तर देवघरातून उडी मारून गॅस बंद करणारी मी! पण तेथे उडी फक्त माझी असते. ब्रेकची गोष्ट निराळी. तो दाबला की गाडीत बसलेला प्रत्येक माणूस पुढे फेकला जातो. आणि गाडीतल्या माणसाला धक्का बसू न देणे हेच तर खरे कसब, असे मी पंचवीस वर्षे ऐकत आले होते. ह्यांची एक प्रौढी असे: “माझ्या गाडीत ताकाचा तांब्या काठोकाठ भरून ठेवा, नरसीपर्यंत थेंब सांडणार नाही.” आणि ते खरे होते. पुढचा खड्डा दिसायच्या आधी ह्यांना तो आठवत असे. सासूबाईंना मांडीचे हाड मोडलेले असताना ह्यांनी तशाच अलगद नेले होते. त्या विद्येची मी पंचवीस वर्षांची साक्षीदार. मग माझा पाय ब्रेकवर आदळणार कसा?

नापास होऊन घरी आले तेव्हा ह्यांनी समजूत वगैरे घातली नाही. सारा जन्म कोर्टाच्या कचेरीत गेलेला. त्यांनी १९८९ चे मोटार वाहन नियम काढले, चष्मा चढवला आणि पंधरावा नियम मोठ्याने वाचायला सुरुवात केली. परीक्षेत उमेदवाराला काय काय यायला हवे त्याची त्यात लांबलचक यादी आहे. आरसा जुळवण्यापासून तिची सुरुवात होते. मधे एका कलमापाशी हे थांबले. “हे बघ. गाडी थांबवता आली पाहिजे. आणीबाणीत अथवा एरवी. एरवी थांबायचं असेल तर खूण करून, योग्य जागा बघून. हे ‘एरवी’पुरतंच आहे. आणीबाणीला त्यांनी काही अट घातलेली नाही. तू एरवीची थांबलीस.”

मला हसू आले. आणीबाणी म्हटली की आमच्या घरात १९७५ सालच निघते, आणि ते निघाले की हे आणि माझे दीर ह्यांचा तासभर वाद होतो. पण त्या रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर तो शब्द माझ्या मनातून जाईना. एरवीचे थांबणे मला किती छान येत होते! सगळा जन्म तेच तर केले होते. कोणी आले की हातातले काम ठेवून थांबायचे, कोणाला अडचण होणार नाही अशा जागी थांबायचे, आणि थांबतो आहोत ह्याची आधी सूचना द्यायची.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला फोनवर विचारले. त्या देशात १९३५ सालापासून मोटार चालवण्याची परीक्षा सक्तीची आहे, आणि हे एकदम थांबणे तेथेही करून दाखवावे लागते. आता दर सात परीक्षांपैकी साधारण एकीत विचारतात म्हणे. पण पद्धत पाहा! परीक्षक गाडी कडेला उभी करायला लावतो आणि आधी सांगतो, “थोड्या वेळाने मी हात वर करून ‘थांबा’ म्हणेन; तेव्हा समोर मूल आल्यासारखे थांबायचे.” मग मागे गाडी नाही अशी खात्री करून घेतो आणि मगच हात वर करतो. संकट येण्यापूर्वी वर्दी देऊन येते! आमच्या आषाढातल्या रात्रीने अशी वर्दी दिली असती, तर मी निदान चपला तरी पायांत घातल्या असत्या.

भाच्याने एक हिशेबही सांगितला, आणि तो मात्र माझ्या मनात रुतून बसला. डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी सव्वाआठ मीटर पुढे जाते. ह्यांनी लगेच वारांत हिशेब केला: नऊ वार! म्हणजे नुसते ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत एक अख्खे नऊवारी लुगडे उलगडून होते, आणि ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात. चांगल्या कोरड्या डांबरावर पुढे आणखी अर्धे लुगडे जाते. वेग दुप्पट केला तर पहिले लुगडे दुप्पट होते. पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. मी ट्रंकेतले सासूबाईंचे इरकली लुगडे काढले आणि अंगणात लांब पसरले. तुळशीपासून निघाले ते फाटकापर्यंत गेले. शेजारणीला वाटले, ऊन दाखवते आहे.

मला धीर आला असे म्हणवत नाही. पण ब्रेक दाबणे म्हणजे गाडीतल्या माणसाशी उर्मटपणा, ही समजूत त्या लुगड्यापाशी थोडी ढिली झाली. थोडीच. दुसऱ्या दिवशी मास्तर ओरडले तेव्हा निम्मा ब्रेक दाबला गेला, एवढीच प्रगती.

पुढच्या परीक्षेच्या आदल्या रविवारी मास्तरांनी गाडी नरसीच्या रस्त्याला घ्यायला सांगितली. नरसी म्हणजे नामदेवांचे जन्मस्थान. कयाधूच्या काठी आहे. तेथे आमचे एक नातेवाईक राहतात, म्हणून हेही मागच्या सीटवर बसले. दर्शन झाले, नातेवाइकांकडे चहा झाला, आणि निघताना त्यांनी ह्यांच्या हातात ताजे ताक दिले. कशात, तर तांब्यात! मी मनात म्हटले, झाले. आज बायकोची परीक्षा घ्यायचा ह्यांचा बेत दिसतो.

दिवाळीपूर्वीचे दिवस. आमच्याकडे त्या वेळी सोयाबीनची रास सुरू असते. ज्याला खळे नाही तो डांबरी रस्त्याची एक बाजू खळे म्हणून वापरतो. दाणे पसरायचे, कडेला दगड लावायचे आणि सावलीला बसायचे. जाणारा वैतागतो, पण शेतकऱ्याची अडचणही खरी असते. मास्तरांनी आधीच सांगून ठेवले होते, “दाण्यावरून चाक नेऊ नका मावशी. दाण्यावर ब्रेक धरत नाही. गोट्यांवर पाय पडल्यासारखी गाडी सरकते. आपली गाडी जुनी, चाक अडकलं की स्टिअरिंग ऐकत नाही.” एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या मोटारींत ब्रेक आपोआप धर-सोड करणारी यंत्रणा असते, त्यामुळे चाके जखडत नाहीत आणि जोरात ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. आमच्या शिकण्याच्या गाडीला तसले काही नव्हते. मी दाणे टाळून, वेग तिसाच्या आत ठेवून चालले होते.

डावीकडच्या तुरीतून एक करडू उडी मारून रस्त्यावर आले. ते गेलेही. आणि मला काय वाटले कोण जाणे, करडू गेले एवढ्याने माझे समाधान झाले नाही. त्याच्यामागे सहा-सात वर्षांची एक मुलगी सरळ रस्त्यात आली. तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आरसा, हात, गिअर, काहीसुद्धा आठवले नाही. पाय गेला तो तळापर्यंत गेला. चाके किंचाळली, गाडी पुढे वाकली, मागून काहीतरी आदळले, आणि क्लच दाबायचा राहिल्यामुळे एक हिसका देऊन इंजिन बंद पडले. मुलगी बंपरपासून दोन हातांवर उभी होती. तिने आमच्याकडे एकदा रागाने पाहिले, करडू काखेत मारले आणि ती निघून गेली. मास्तर शेजारी गप्प बसले होते. त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर पोचला होता. पण पोचला तेव्हा गाडी उभी होती, असे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केले.

मग मला मागे कोण बसले आहे ह्याची आठवण झाली. मी वळून पाहिले. ह्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात छातीवर होता.

ती आषाढातली रात्र जशीच्या तशी समोर उभी राहिली. “अहो!” एवढेच मी म्हणाले. ह्या वेळी किल्ली गाडीला होती आणि गाडी चालवणारी मी होते. पण माझे हात असे कापत होते की ती किल्ली फिरवणे मला शक्य नव्हते. किती वेळ गेला सांगता येत नाही. एखादे लुगडेभर असेल.

ह्यांनी डोळे उघडले, छातीवरचा हात पुढे करून पाहिला आणि म्हणाले, “ताक आहे.”

सगळे ताक ह्यांच्या अंगावर होते. सदऱ्यावर, मिशांवर, चष्म्याच्या काचांवर. लोण्याचा एक गोळा खिशावर बसला होता. मास्तर हसू लागले, हेही हसू लागले आणि मी स्टिअरिंगवर डोके ठेवून रडत सुटले. “इंजिन बंद पडलं हो,” असे मी रडता रडता म्हणत होते म्हणे. जणू गुन्हा तोच! त्यावर मास्तर म्हणाले, “पडू द्या. त्याला काय होतंय?”

परीक्षेला साहेब तेच होते. त्यांनी मला ओळखले. आठाचा आकडा झाला, मागे घेणे झाले, आणि सरळ जात असताना ते एकदम म्हणाले, “थांबा!” त्यांच्या मांडीवरचे कागद पायांशी जाऊन पडले, पेनही पडले. ते वाकून उचलताना त्यांनी काय शेरा मारला हे मला ऐकू आले नाही. कागदावर मात्र पास लिहिले होते.

आता ह्यांना तपासणीसाठी नांदेडला मीच नेते. हे माझ्या शेजारी बसतात, रस्ताभर उजवा पाय रिकाम्या जागी दाबत राहतात, आणि नरसीहून ताक आणायचे असले तर घरून निघतानाच फिरकीच्या झाकणाची बरणी आठवणीने बरोबर घेतात.